दाद कोणाला पोचते? : 'पेड इन फुल' आणि त्याचे श्रोते

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने २००३ साली पाचशे सर्वोत्कृष्ट अल्बमांची यादी केली, तेव्हा एरिक बी. आणि रकीम या जोडीचा पहिला अल्बम 'पेड इन फुल' २२७व्या क्रमांकावर होता. २०२० साली नव्याने मते मागवून यादी पुन्हा केली, तेव्हा तोच अल्बम ६१वा आला. मधल्या सतरा वर्षांत अल्बममधला एक ठोकाही बदललेला नव्हता. बदलले होते मत देणारे. हिप हॉप ऐकत वाढलेली पिढी आता परीक्षकांच्या खुर्चीत येऊन बसली होती. एमटीव्हीने केलेल्या हिप हॉप अल्बमांच्या यादीत तर याला थेट पहिला क्रमांक मिळालेला आहे.

या अल्बमविषयी गेली जवळजवळ चाळीस वर्षे लिहिले-बोलले जाते आहे आणि त्या साऱ्याचा गाभा एका वाक्यात मावतो : रकीमने रॅप बदलले. वाक्य खरे आहे. पण खरे वाक्य फार वेळा उच्चारले की त्याच्या पोटात काय होते तेच विसरायला होते. श्रोत्यांना यात नेमके काय आवडले, अगदी पहिल्यांदा ज्यांनी ऐकले त्यांना ते का रुचले नाही, आणि सगळी दाद एकाच माणसाच्या लेखणीकडे वळवताना कोण कोण बाजूला राहिले, हे प्रश्न मला यादीतल्या क्रमांकापेक्षा महत्त्वाचे वाटतात. शेवटच्या प्रश्नाला तर अल्बमच्या नावानेच तोंड फोडले आहे. 'पेड इन फुल' म्हणजे बिलावर मारतात तो शिक्का : पूर्ण रक्कम पोचली.

आधी जुजबी माहिती. अल्बम ७ जुलै १९८७ रोजी आयलंड कंपनीच्या 'फोर्थ अँड ब्रॉडवे' या शाखेतर्फे आला. एकूण दहा तुकडे. त्यांपैकी सातांत रकीमचे शब्द, तिनांत फक्त वाद्यध्वनी आणि तबकडीची कारागिरी. एरिक बी. म्हणजे लुई एरिक बॅरियर, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला डीजे; डब्ल्यूबीएलएस या रेडिओ केंद्राच्या बाहेरच्या कार्यक्रमांत तो तबकड्या वाजवी. रकीम म्हणजे विल्यम ग्रिफिन, लाँग आयलंडवरच्या वायनडँच गावचा, जन्म १९६८चा. म्हणजे अल्बम आला तेव्हा एकोणीस वर्षांचा. सर्वसाधारण अमेरिकी विक्रीयादीत अल्बम ५८व्या क्रमांकापर्यंत चढला. दहा लाख प्रतींची अधिकृत नोंद व्हायला १९९५ उजाडले. आल्या आल्या बाजार मारणारा हा माल नव्हे. हळूहळू मुरलेला आहे.

याला 'ओल्ड स्कूल' म्हणावे की नाही यावर जाणकार भांडतात. काटेकोर कालगणना करणारे ओल्ड स्कूलची हद्द १९८३-८४च्या आसपास संपवतात आणि 'पेड इन फुल'पासून 'सुवर्णकाळ' मोजतात. आजचा सामान्य श्रोता मात्र सगळे एकाच कप्प्यात टाकतो. मला सामान्य श्रोत्याची बाजू पटते, कारण हा अल्बम दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे आणि त्यातले अर्धे मर्म त्या जुन्या पायातच आहे.

तो जुना पाय कोणता? जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत बहिणीसाठी नाचाची पार्टी केली, तिथून हिप हॉपचा जन्म मोजण्याची प्रथा आहे. हर्कच्या लक्षात आले होते की गाण्याच्या मध्ये गायक गप्प होऊन नुसता ड्रम उरतो तेव्हा नाचणारे बेभान होतात. तेवढाच तुकडा, ज्याला 'ब्रेक' म्हणतात, दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवायचा, ही त्याची युक्ती. या सगळ्याचा मालक डीजे. माइकवर बोलणारा एमसी हा त्याचा भालदार-चोपदार : लोकांना हाका मारा, डीजेचे नाव घ्या, गर्दी पेटती ठेवा. त्याच्या बोलण्याला पुढे यमके जुळली, गोष्टी आल्या, १९७९ पासून तबकड्या निघू लागल्या. पण स्वर गर्दीला उद्देशूनच राहिला. १९८४ साली रन-डीएमसीचा पहिला अल्बम आला. दोघे एकमेकांच्या ओळी पुऱ्या करत, दणदणीत ओरडून म्हणत. त्यानंतर दोनेक वर्षे रॅपरने कसे म्हणावे याचे उत्तर ठरलेले होते : छाती पुढे काढून.

१९८६च्या सुमारास एरिक रकीमला घेऊन मार्ली मार्लकडे गेला. क्वीन्सब्रिज या अवाढव्य सरकारी वसाहतीत, बहिणीच्या घरात, मार्लीने ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडली होती. रकीम सोफ्यावर बसला आणि बसल्या बसल्याच आपल्या ओळी म्हणू लागला. मार्ली आणि तिथे हजर असलेला रॅपर एमसी शॅन, दोघांनाही वाटले की हा झोपेत बोलतो आहे. जरा जोर लाव, असे त्याला सांगण्यात आले. त्याने लावला नाही. ही हकीकत संबंधितांनी पुढे अनेकदा हसत सांगितली आहे.

मला ती फार मोलाची वाटते. या अल्बमच्या पहिल्या दोन श्रोत्यांची दाद ही अशी होती, आणि ते दोघे अडाणी नव्हते. त्या घडीला हा धंदा त्यांच्याइतका कळणारे न्यूयॉर्कमध्ये फार थोडे असतील. चांगला कान असलेल्या माणसाला नवी गोष्ट आधी चूक म्हणूनच ऐकू येते. शॅनने तरीही 'माय मेलडी'च्या मुद्रणाला हातभार लावला. 'एरिक बी. इज प्रेसिडेंट' आणि 'माय मेलडी' ही दोन गाणी हार्लेममधल्या झाकिया या छोट्या कंपनीने काढली, आणि त्या तबकडीच्या जोरावर पुढचा करार झाला.

आपल्याकडच्या वाचकाला हा बदल समजायला अवघड जाऊ नये. माइक नसलेल्या काळात संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे, म्हणून वरची पट्टी, खडा आवाज. माइक आणि तबकडी आली तशी गजानन वाटव्यांसारख्यांची भावगीते आली. गायक आता शेजारी बसून सांगतो आहे असे वाटू लागले. नाट्यपदांवर वाढलेल्या कानाला तो आवाज पहिल्यांदा लेचापेचाच वाटला असणार. रॅपमध्ये हे वळण रकीमने घेतले. त्याचा आवाज जड आहे, खालचा आहे, आणि तो गर्दीशी बोलत नाही. गंमत अशी की अल्बममधल्या एका गाण्याचे नावच 'मूव्ह द क्राउड' आहे. गर्दीला हलवण्याची भाषा जुनीच राहिली, पण बोलणारा मात्र एकेकाच्या कानाशी आला.

यातून दाद देण्याची रीतही बदलली. पार्टीतली दाद हात वर करून, ओरडून द्यायची असते आणि ती जागच्या जागी संपते. रकीमला मिळालेली दाद वेगळी. कॅसेट मागे न्यायची आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायचा. जमैकाच्या ध्वनिमैफलींत लोकांनी आरडाओरडा केला की डीजे तबकडी मागे ओढून पुन्हा लावतो; आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळी 'वन्समोर' होता. दोन्हींत श्रोते मिळून मागणी करतात. इथे वॉकमन कानाला लावलेला एकटा मुलगा स्वतःच मागणी करतो आणि स्वतःच पुरी करतो, आणि पुन्हा ऐकतो ते गोडीसाठी तर खरेच, पण त्याहून अधिक 'आत्ता हा काय बोलला?' म्हणून. श्रोत्याचा वाचक झाला तो इथे, असे माझे म्हणणे आहे.

तो काय शोधत असे? याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'अंतर्गत यमक' या दोन शब्दांत उरकले जाते. तेवढ्याने काही कळत नाही. रॅपचा एक 'बार' चार मात्रांचा. आधीच्या रीतीत ओळ एका बारात बसे, चौथ्या मात्रेवर यमक पडे, पुढच्या बाराच्या चौथ्या मात्रेवर त्याचे उत्तर येई. श्रोत्याला यमक येणार हे आधीच माहीत असते आणि ते आल्यावर समाधान होते. आपल्या समेवर मान हलते तसे. रकीम हे उत्तर लवकर देतो. दुसऱ्या मात्रेवर, कधी दोन मात्रांच्या मधल्या फटीत, एक यमक येऊन जाते. चौथ्या मात्रेवर वाक्य थांबेल म्हणून आपण टेकायला जावे तर ते थांबतच नाही, बार ओलांडून पुढे जाते आणि पुढच्या बाराच्या मध्यावर पुरे होते. ठेका तोच, सरळ, न हलणारा. हलते ते वाक्य. रकीम शाळेत सॅक्सोफोन वाजवी आणि जॉन कोल्ट्रेनच्या वादनाचा आपल्या लयीवर परिणाम आहे असे त्याने वेळोवेळी सांगितले आहे. लय न सोडता लयीच्या मागेपुढे रेंगाळणारा चांगला ख्यालगायक ज्याने ऐकला आहे त्याला हे सांगणे उमजेल.

यमकाविषयी आपल्या परंपरेचा जरा संशयी स्वभाव आहे. वामन पंडिताला 'यमक्या वामन' म्हटले गेले, त्यात कौतुकाइतकीच थट्टा आहे. मोरोपंतांच्या आर्यांनी श्रोत्यांना पिढ्यान्पिढ्या डोलवले, आणि नंतरच्या टीकाकारांनी त्यांत कारागिरीच फार असल्याचा ठपकाही ठेवला. रकीमवर हा आक्षेप घेता येईल का? घेता येईल, आणि त्यात थोडे तथ्य आहे. 'पेड इन फुल'मधल्या बहुतेक गाण्यांचा विषय एकच : मी तुमच्यापेक्षा श्रेष्ठ. 'आय एन्ट नो जोक'पासून 'अॅज द राइम गोज ऑन'पर्यंत तेच. हे ऐकून कंटाळणारा श्रोता मला चुकीचा वाटत नाही. परंतु ही बढाई कशाची आहे तेही पाहावे. मनगटाची आहे ती फार थोडी. पुष्कळशी आहे ती लिहिण्याची : कागद, पेन, माइक, मनात ओळ कशी सुचते, सुचल्यावर कुठे जाते. रॅपचा विषय रॅपचे लेखन हाच होऊ शकतो हे या पोराने एकोणिसाव्या वर्षी दाखवले.

'माय मेलडी'मध्ये एक प्रसिद्ध जागा आहे. तिथे तो सात प्रतिस्पर्धी रांगेत उभे करतो, मग आणखी सात, मग आणखी सात, आणि एकवीस जणांचा हिशेब एकट्याने पुरा करण्याची भाषा करतो. बहुतेकांना ही मजेदार फुशारकी वाटते, आणि ती तशी आहेच. पण रकीम 'फाइव्ह पर्सेंट नेशन' या पंथाचा अनुयायी आहे. १९६४ साली हार्लेममध्ये क्लॅरेन्स १३एक्स याने सुरू केलेल्या या पंथात प्रत्येक अंकाला अर्थ आहे आणि सातचा अंक ईश्वराचा. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतल्या पंथीय तरुणांना या जागेत दुसरेच काही ऐकू येत होते. एकाच ओळीत बाहेरच्यासाठी गंमत आणि आतल्यासाठी खूण, ही रीत आपल्याला नवी नाही. कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत भेदिक रचना म्हणणारे शाहीर अंकांत तत्त्वज्ञान लपवून समोरच्या फडाला कोडे घालत आणि तेवढ्याच जोरात स्वतःची प्रौढीही मिरवत. भेदिकाचे उत्तर न कळलेला प्रेक्षकही रात्र जागवीत असे. 'माय मेलडी'च्या लाखो श्रोत्यांचे तसेच आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. या अल्बममधल्या म्हणण्याविषयी सर्वांत कठोर मत खुद्द रकीमचे आहे. अल्बमचे मुद्रण क्वीन्समधल्या पॉवर प्ले स्टुडिओत झाले. तिथे संगीताचा तुकडा ऐकत तो ओळी लिही आणि लगेच कागद हातात धरून मुद्रण करी. पुढे त्याने सांगितले की आज हा अल्बम ऐकताना आपण वाचतो आहोत हे आपल्याला ऐकू येते. स्वतःचा सर्वांत कडक टीकाकार आपणच, असेही तो म्हणाला. शब्द अंगात मुरलेले नव्हते, हे त्याचे म्हणणे. कर्त्याचे आपल्या कृतीविषयीचे मत शेवटचे नसते, आणि इथे मी श्रोत्यांच्या बाजूने आहे. त्याला जो दोष वाटतो तोच आपल्याला त्याचा थंडपणा, तोल, अढळपणा म्हणून ऐकू येतो. कागदावरून म्हणणारा माणूस आवाज चढवत नाही, ओळ कुठे संपते ते त्याला आधीच दिसत असते, म्हणून तो घाई करत नाही. पुढच्या अल्बमांत तो अधिक सफाईने, अधिक वेगाने म्हणतो. १९८८चा 'फॉलो द लीडर' कौशल्यात वरचढ आहे. तरी पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो तो पहिला.

मात्र 'रकीमने हे सगळे शून्यातून निर्माण केले' ही समजूत सोडायला हवी. १९८० साली ट्रेचरस थ्री या त्रिकुटाने 'द न्यू रॅप लँग्वेज' नावाची तबकडी काढली होती. तिच्यात शब्दांचा मारा आणि यमकांची दाटी आधीच आहे. त्या त्रिकुटातला कूल मो डी, तसेच ग्रँडमास्टर कॅझ आणि मेली मेल यांना ऐकतच रकीम मोठा झाला. यमके दाट करणे त्याच्या आधीचे आहे. दाट यमके शांत आवाजात, अर्थ न सांडता, लांब वाक्यात बसवणे त्याचे. वाटणी अशी केली तर रकीमचे काही कमी होत नाही, आणि कॅझ-मो डी यांचेही राहते.

वाटणीचाच विषय निघाला तर एरिक बी.कडे वळावे लागते. आजचे श्रोते याच्याविषयी बोलताना बहुधा खांदे उडवतात. अल्बममधले तीन शब्दहीन तुकडे, 'एरिक बी. इज ऑन द कट', 'चायनीज अॅरिथमेटिक' आणि 'एक्स्टेंडेड बीट', हे भरताड आहे असे मत सर्रास ऐकू येते, आणि ते गाळून उरलेली सात गाणी ऐकण्याचा सल्ला दिला जातो. मला हा सल्ला मान्य नाही. हे तुकडे थोर आहेत असे नव्हे. 'चायनीज अॅरिथमेटिक' मला स्वतःला लांबलेला वाटतो. पण ते काढले की अल्बम कोणत्या घरातून आला तेच पुसले जाते. जोडीचे नाव 'एरिक बी. आणि रकीम' असे आहे, उलटे नाही. पहिल्या गाण्यात रकीम ज्याला अध्यक्षपदी बसवतो तो डीजे आहे. एमसीने डीजेची ललकारी द्यायची ही हर्कच्या काळची चाल इथे अजून जिवंत आहे, आणि जो ललकारी देतो आहे तोच आपल्या कामगिरीने ती चाल मोडीत काढतो आहे. हा ताण ऐकायचा तर डीजेचे तुकडे जागेवर असायला हवेत. त्यात सलग शब्द ऐकून थकलेल्या कानाला तिथे विसावाही मिळतो.

संगीत नेमके कोणी घडवले याचे श्रेय आणखी गुंतागुंतीचे आहे. पहिल्या दोन गाण्यांच्या बाबतीत मार्ली मार्लचे म्हणणे एक आणि एरिकचे दुसरे. वेष्टनावर निर्मिती जोडीच्याच नावे आहे. स्टुडिओतला ध्वनिमुद्रक होता पॅट्रिक अॅडम्स. डिस्कोच्या भरात ज्याने उत्तमोत्तम नाचाच्या तबकड्या रचल्या-घडवल्या, तो माणूस डिस्को विझल्यावर या पोरांच्या यंत्रासमोर बसला होता. या अल्बममधला ठोका इतका सुटा, स्वच्छ आणि पोटात बसणारा का, याचा विचार करताना हे नाव आठवावे. श्रोत्यांच्या गप्पांत ते क्वचित निघते.

आणि मग ज्यांच्या तबकड्यांचे तुकडे कापून ही घडण झाली ते. 'आय नो यू गॉट सोल' हे नाव आणि त्याचा पाया बॉबी बर्डच्या १९७१च्या गाण्याचा. बर्ड हा जेम्स ब्राउनचा अगदी सुरुवातीचा साथी. तुरुंगातून सुटलेल्या कोवळ्या ब्राउनला बर्डच्याच कुटुंबाने आसरा दिला होता. 'एरिक बी. इज प्रेसिडेंट'ची खर्जातली चाल फोंडा रे हिच्या गाण्यातली. 'पेड इन फुल'ची खर्जाची चाल टेम्प्टेशन्सच्या डेनिस एडवर्ड्सच्या १९८४च्या 'डोन्ट लुक एनी फर्दर' मधली, आणि ड्रम वॉशिंग्टनच्या सोल सर्चर्स या वाद्यवृंदाच्या १९७४च्या 'अॅशलीज रोचक्लिप'मधला. (हाच ड्रम पुढे मिली व्हॅनिली या जोडीच्या गाण्यातही वाजला. स्वतः न गायल्याबद्दल ग्रॅमी परत द्यावे लागलेली ती जोडी. ड्रमला कोणावर वाजावे याची निवड नसते.) १९८७ साली असे तुकडे घेण्याबाबत कोणाला फारसे विचारायची पद्धत नव्हती. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्कीच्या प्रकरणात निकाल दिला, त्यानंतर परवानगी आणि मोबदला यांशिवाय तुकडा वापरणे धोक्याचे झाले.

वेष्टनावरच्या छायाचित्रातही हीच गोष्ट आहे. दोघांच्या अंगात गुच्चीची चिन्हे मिरवणारी जाकिटे आहेत; ती गुच्चीने शिवलेली नाहीत. हार्लेममधल्या १२५व्या रस्त्यावर डॅपर डॅन नावाच्या शिंप्याचे दुकान होते. बड्या कंपन्यांची चिन्हे घेऊन तो स्वतःच्या बेताचे कपडे शिवी. कंपन्यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि १९९२ साली दुकान बंद पडले. पंचवीस वर्षांनी गुच्चीनेच त्याच्याशी भागीदारी केली. जाकीटसुद्धा एक कापून घेतलेला तुकडाच होता, आणि त्याचे मोल उशिरा ठरले.

शीर्षकगीत हे आहे अवघ्या एका कडव्याचे. सुरुवातीला दोघे आपापसांत बोलतात : आपले व्यवस्थापन कोण पाहते, कार्यक्रम कोण ठरवते, तबकडी कोणाची. भागीदारीच्या दुकानाची पाटी वाचावी तसे. मग रकीम रिकाम्या खिशात हात घालतो आणि विचार करतो. पूर्वी लुटालूट करीत होतो. आता काय, नोकरी शोधावी? घाम गाळून मिळालेल्या पैशाचे साधे जेवण त्याला हवे आहे. नंतरच्या काळात रॅपमध्ये पैशाची जी झगमग आली तिची वंशावळ याच नावाशी जोडली जाते, आणि वेष्टनावर नोटांची रास आहे म्हणताना ते स्वाभाविकही आहे. गाणे मात्र खिशात दमडी नसलेल्या माणसाचे आहे.

रूथ ब्राउन ही रकीमची मागच्या पिढीतली जवळची नातेवाईक. १९५०च्या दशकात तिच्या तबकड्यांनी अटलांटिक कंपनीला इतके पैसे मिळवून दिले की तो डोलारा 'रूथने बांधलेले घर' म्हणून ओळखला जाई. लोकप्रियता ओसरल्यावर तिला मुले वाढवण्यासाठी लोकांच्या घरी कामे करावी लागली. मानधनाच्या थकबाकीसाठी ती वर्षानुवर्षे झगडली. अखेर १९८८ साली कंपनी नमली, आणि जुन्या गायकांना मदत करणारी 'रिदम अँड ब्लूज फाउंडेशन' ही संस्था त्याच लढ्यातून उभी राहिली. म्हणजे हा अल्बम आला तेव्हा त्या घराण्यातल्या एका कलावतीची रक्कम अजून पोचायची होती. शीर्षक ठेवताना रकीमच्या मनात हे होते असा माझा दावा नाही. श्रोत्याच्या मनात मात्र ते असायला हरकत नाही, कारण दाद आणि दाम हे वेगवेगळ्या पत्त्यांवर जातात हे या तबकडीइतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण शोधून सापडणार नाही.

श्रोत्यांची सर्वांत ठोस दाद कलाकृतींच्या रूपानेच आली. लंडनच्या कोल्डकट या जोडीने १९८७ सालीच शीर्षकगीताला सात मिनिटांचे नवे रूप दिले आणि त्यात इस्रायली गायिका ओफ्रा हाझाचा आवाज गुंफला. ती गात होती ते सतराव्या शतकातले येमेनी ज्यू कवी शालोम शबाझी यांचे काव्य. रिकाम्या खिशाच्या अमेरिकी पोराच्या बाजूला हा प्राचीन सूर कसा बसतो ते ऐकूनच पाहावे. हाझाला युरोपात नाव मिळाले त्यात या तुकड्याचा वाटा मोठा. त्याच वर्षी रकीमच्या 'आय नो यू गॉट सोल'मधल्या चार शब्दांवरून मार्स या ब्रिटिश गटाने 'पंप अप द व्हॉल्यूम' केले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ज्याच्या तोंडचे ते शब्द त्याला स्वतःला हा क्रमांक कधी मिळाला नाही. पब्लिक एनिमीच्या चक डीने सांगितले आहे की 'आय नो यू गॉट सोल' ऐकून आपल्याला गप्प बसवेना. 'रेबेल विदाउट अ पॉज' त्या चुरशीतून जन्मले.

पण माझ्या मते या सगळ्या श्रोत्यांत पहिला मान नॅसचा. १९७३ सालचा त्याचा जन्म, आणि वाढला तो क्वीन्सब्रिजमध्ये. ज्या वसाहतीतल्या एका घरात रकीम सोफ्यावर बसून हळू आवाजात म्हणत होता आणि दोन जाणकार त्याला जोर लावायला सांगत होते, तिथेच त्या वेळी हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा राहत होता. २००४ साली नॅसने रकीमची जीवनकथा सांगणारे एक गाणे केले. त्याच्या शीर्षकातच त्याने नोंदवून ठेवले आहे की ही कथा अनधिकृत आहे, कोणाची परवानगी घेऊन सांगितलेली नाही.